रुग्णालयात लागलेल्या रक्तसंसर्गाचा खर्च नेमका कोण भरतं?

प्रश्न असा आहे: सोलापुरात ५० खाटांचं खासगी रुग्णालय आहे, त्यात ८ खाटांचा आयसीयू. दाखल असलेल्या रुग्णाच्या रक्तात तिथेच जंतुसंसर्ग झाला तर त्याचा खरा खर्च किती, तो कोणाच्या माथी बसतो, आणि तो टाळण्यासाठी पैसे घालणं रुग्णालयाला परवडतं का?

परवडतं. पण हे ज्या हिशोबाने सहसा पटवून दिलं जातं तो अर्धवट असतो आणि जाणत्या व्यवस्थापकाला त्यातली भोकं लगेच दिसतात. हा खर्च एका वहीत कधीच सापडत नाही. थोडा औषधांच्या बिलात असतो, थोडा अडकलेल्या खाटेत, थोडा योजनेच्या न मिळालेल्या पैशांत आणि सगळ्यात मोठा वाटा रुग्णाच्या घरी. तो एका जागी आणल्याशिवाय निर्णय होत नाही.

आधी कोणता संसर्ग मोजायचा ते ठरवू. रुग्ण दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवसापासून पुढे रक्तात जंतू सापडले आणि ते शरीरातल्या दुसऱ्या ठिकाणच्या संसर्गातून (न्यूमोनिया, लघवी, जखम) आलेले नसतील, आणि त्या वेळी सेंट्रल लाइन (मान, छाती किंवा मांडीतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) दोन दिवसांपेक्षा जास्त काळ असेल, तर तो सेंट्रल लाइनचा संसर्ग धरतात. लाइन त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी काढली असली तरी तो तिच्याच खात्यावर जातो. दर मोजायचा तो १,००० लाइन-दिवसांमागे. एका रुग्णाला एक दिवस लाइन होती म्हणजे एक लाइन-दिवस.

सोलापूरला यात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. बार्शी, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, तुळजापूर, तिकडे इंडी, अफझलपूर अशा ठिकाणांहून रुग्ण इथे पाठवले जातात आणि पुष्कळ जण हातात, क्वचित मानेत, आधीच घातलेली सुई घेऊन येतात. दाखल करतानाच प्रत्येक सुई कुठे आहे, कधी घातली, हे लिहायला हवं. तारीख कळत नसेल किंवा घाईगर्दीत घातली असेल तर हातातली सुई त्याच पाळीत बदला. अशी सेंट्रल लाइन असेल तर ४८ तासांच्या आत. ताप असेल तर अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्या. नाहीतर बाहेरून आलेला संसर्ग तुमच्या नावावर चढतो किंवा तुमच्याकडे झालेला 'बाहेरूनच आला असेल' म्हणून सोडून दिला जातो. दुसरं जास्त वेळा घडतं.

आता प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तातडीच्या उपचारांच्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना निदान एक रुग्णालयजन्य संसर्ग होतो, आणि असा संसर्ग झालेल्या दर १० मागे एक जण दगावतो. भारतातल्या २६ रुग्णालयांच्या ८९ आयसीयूंमधली मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळातली नोंद प्रसिद्ध आहे. तिच्यात सेंट्रल लाइनच्या संसर्गाचा दर सर्वांत जास्त नवजात बालकांच्या कक्षांत होता, १,००० लाइन-दिवसांमागे २० च्या वर. रक्तात सर्वांत जास्त सापडलेला जंतू क्लेबसिएला, आणि त्यातल्या ७२ टक्के संसर्गांत कार्बापेनेम गटाची औषधं, म्हणजे मेरोपेनेम, इमिपेनेम, निकामी ठरली होती. ॲसिनेटोबॅक्टरमध्ये हेच प्रमाण ७७ टक्के. हे ७२ आणि ७७ लक्षात ठेवा. खर्चाची खरी किल्ली तिथे आहे.

तुमच्या रुग्णालयापुरतं गणित मांडू. पुढचे रुपयांचे आकडे फक्त पद्धत दाखवायला धरले आहेत, त्यांच्या जागी तुमच्या बिलिंग खात्यातले आकडे घाला. ८ पैकी ४ रुग्णांना रोज सेंट्रल लाइन असते असं धरलं तर वर्षाला १,४६० लाइन-दिवस होतात. दर १,००० मागे ८ धरला तर वर्षाला सुमारे १२ संसर्ग. प्रत्येक संसर्गामागे आयसीयूचे ६ जादा दिवस, दिवसाला ९,००० रुपये, म्हणजे ५४,०००. अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषधं २५,०००. कल्चर, एको (हृदयाची सोनोग्राफी), इतर तपासण्या १२,०००. नवी लाइन आणि साहित्य ७,०००. बेरीज ९८,०००, बारा रुग्णांचे ११ लाख ७६ हजार.

सादरीकरणं सहसा इथे थांबतात आणि इथेच ती फसतात. ५४,००० मधला मोठा भाग पगार, वीज, इमारत, यंत्रांचे हप्ते असा असतो. संसर्ग टळला म्हणून सिस्टरचा पगार वाचत नाही. ऑक्सिजन, हातमोजे, सलाईन असा खरोखर वाचणारा भाग तिसरा हिस्सा धरला तर १८,०००. त्यात औषधं, तपासण्या, साहित्याचे ४४,००० मिळवले की एका संसर्गामागे रोख बचत ६२,००० होते, ९८,००० नव्हे. उरलेले ३६,००० वाचतात ते मोकळ्या झालेल्या खाटेवर दुसरा रुग्ण आला तरच. तुमचा आयसीयू कायम भरलेला असेल आणि रुग्ण परत पाठवावे लागत असतील तर ती खाट सोन्याची आहे. निम्मा रिकामा असेल तर तो पैसा कागदावरच राहतो.

आणखी एक चूक सर्रास होते. संसर्ग झालेले रुग्ण सरासरी इतके दिवस राहिले, न झालेले इतके, वजाबाकी केली आणि सगळा फरक संसर्गाच्या माथी मारला. पण जो आधीच जास्त दिवस राहिला त्यालाच संसर्ग होण्याची संधी जास्त मिळते. म्हणून संसर्गाच्या दिवसाआधीचे दिवस सोडून द्या आणि तितकेच दिवस तितक्याच आजारात काढलेल्या रुग्णाशी तुलना करा. फरक कमी निघेल, पण तो टिकेल.

आता टाळण्याचा खर्च. सरासरी ७ दिवस एक लाइन धरली तर वर्षाला सुमारे २१० लाइन बसतात. निर्जंतुक गाऊन, पूर्ण अंग झाकणारी शीट, क्लोरहेक्सिडिन (त्वचेला लावायचं जंतुनाशक), पारदर्शक ड्रेसिंग यांवर आजच्यापेक्षा लाइनमागे ७०० रुपये जादा धरले तर १ लाख ४७ हजार. रोजच्या निगेला लाइन-दिवसामागे ५० रुपये, म्हणजे ७३,०००. संसर्ग नियंत्रणाची एक सिस्टर महिना २०,००० धरली तर २ लाख ४० हजार. एकूण ४ लाख ६० हजार. संसर्ग १२ वरून ४ वर आले तर रोख बचत ४ लाख ९६ हजार आणि ४८ खाट-दिवस मोकळे. निम्मेच कमी झाले तर रोख बचत ३ लाख ७२ हजार, म्हणजे तोटा. व्यवस्थापनाला हे असंच, दोन्ही बाजूंनी सांगा. ती सिस्टर लघवीच्या नळीचे आणि व्हेंटिलेटरचे संसर्ग, सुई टोचण्याचे अपघातही सांभाळते, तेव्हा तिचा सगळा पगार या एकाच खात्यावर टाकणं तसं अन्यायाचंच आहे, पण कडक हिशोब करायचा तर असा करावा.

दोन तृतीयांश घट ही हवेतली गोष्ट नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी धरल्या: हात स्वच्छ करणं, लाइन घालताना पूर्ण झाकण, त्वचेला क्लोरहेक्सिडिन, मांडीतली जागा टाळणं आणि नको असलेली लाइन काढणं. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. सरासरी दर ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला होता. त्यात महागडं यंत्र एकही नव्हतं.

अमेरिकेचे खर्चाचे आकडेही खूप वापरले जातात. तिथल्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या अंदाजात एका संसर्गामागे सुमारे ४८,००० डॉलर जादा खर्च आणि दर १०० संसर्गांमागे सुमारे १५ जादा मृत्यू धरले आहेत. डॉलरला रुपयाने गुणून सोलापुरात दाखवू नका. तिथला पगार, औषध, खाट कशाचाच मेळ इथे बसत नाही. मृत्यूंचं प्रमाण मात्र नजरेसमोर ठेवा. इथले जंतू जास्त चिवट असल्याने ते इथे कमी असेल असं मानायला काहीच आधार नाही. १२ संसर्ग म्हणजे वर्षाला जवळपास दोन माणसं, जी मूळ आजारातून उठली असती.

पैसे कोण भरतं, हे रुग्ण कोणत्या दाराने आला यावर ठरतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये आलेला रुग्ण ठरलेल्या पॅकेजवर असतो. वाढलेले दिवस बहुतेक वेळा रुग्णालयाच्या अंगावर येतात, आणि उपचारासाठी दुसरं पॅकेज लावता आलं तरी ते त्या कुटुंबाच्या वर्षाच्या ५ लाखांच्या मर्यादेतून जातं. विम्याच्या रुग्णात टीपीए (विमा कंपनीच्या वतीने बिलं तपासणारा मध्यस्थ) शंका काढतो, कपात करतो, उरलेलं नातेवाइकांकडे जातं. रोखीच्या रुग्णाचं बिल मात्र संसर्गामुळे वाढतं आणि रुग्णालयाचं उत्पन्नही वाढतं. ही गोष्ट बैठकीत कोणी मोठ्याने बोलत नाही, पण प्रतिबंधाच्या खर्चाला होकार का मिळत नाही याचं हे एक खरं कारण आहे. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याने १ ऑक्टोबर २००८ पासून शिरेतल्या नळीच्या संसर्गाचे जादा पैसे देणं बंद केलं. आपल्याकडे पॅकेजवरचे रुग्ण वाढत जातील तसा हाच दबाव आपोआप येणार आहे. आज निम्मे रुग्ण योजनेचे असतील तर तुमच्या १२ पैकी ६ संसर्गांचा खर्च तुम्ही आजच भरत आहात, फक्त तो 'योजना परवडत नाही' या नावाखाली लिहिला जातो.

आणि घर. विडी वळणाऱ्या बाईला हजारी दराने मजुरी मिळते, यंत्रमागावरच्या कामगाराला कामाप्रमाणे. बसलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. आयसीयूबाहेर निदान एक माणूस चोवीस तास लागतो, म्हणजे दोघांची मजुरी गेली. त्यात बाहेरून आणायची औषधं, जेवण, राहणं, आणि प्रकृती बिघडली की पुणे किंवा हैदराबादची रुग्णवाहिका, म्हणजे अडीचशे-तीनशे किलोमीटर व्हेंटिलेटरसह. सोनं गहाण पडतं, मग जमीन. पहिल्या आठवड्यात कसंबसं जुळवलेले पैसे मूळ आजारासाठी असतात. दुसऱ्या आठवड्यात संसर्गाचं बिल सुरू होतं तेव्हा हाताशी काही उरलेलं नसतं. तेव्हाच लोक सही करून, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, रुग्णाला घरी नेतात. तो घरी जाऊन दोन दिवसांत गेला तर तो मृत्यू तुमच्या आकडेवारीत येत नाही. म्हणून असे डिस्चार्ज संसर्गाच्या नोंदीत वेगळे लिहा, आणि शक्य असेल तिथे सातव्या दिवशी फोन करून विचारा.

जे वाचतात तेही नेहमी पूर्वीसारखे होत नाहीत. इथे ते ७२ आणि ७७ टक्के पुन्हा येतात. मेरोपेनेम चालत नाही म्हणून कोलिस्टिन द्यावं लागतं, त्याने मूत्रपिंडं दुखावतात, क्रिएटिनिन वाढतं, डायलिसिस लागतं, डायलिसिससाठी मानेत आणखी एक जाड लाइन घालतात, आणि ती नव्या संसर्गाचं दार होते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असेल तर हृदयाच्या झडपेवर किंवा मणक्यात जाऊन बसतो आणि महिनाभरानंतर पाठदुखी म्हणून परत येतो. नवजात बाळांत वाढीवर आणि मेंदूवर परिणाम राहू शकतो.

शेजारच्या खाटेवरचा रुग्णही यातून सुटत नाही. कोलिस्टिन किंवा मेरोपेनेम घेणाऱ्या रुग्णाच्या आतड्यात प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जंतू उरतात, ते हातांवरून, बेडच्या कठड्यावरून, मॉनिटरच्या वायरवरून पुढे जातात. २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे. तो एवढा मोठा आकडा आयसीयूच्या पातळीवर दिसतो तो असा: एका लाइनमधून सुरू झालेला क्लेबसिएला महिनाभरात तीन रुग्णांत, आणि मग प्रत्येक नव्या तापाला डॉक्टर सुरुवातच सर्वांत जड औषधाने करतात. पूर्ण आयसीयूचा औषधखर्च वाढतो आणि तो कुठल्याच एका संसर्गाच्या नावावर पडत नाही.

काय करायचं, याकडे वळू. जंतू लाइनमध्ये मुख्यतः दोन वाटांनी शिरतात. पहिल्या आठवडाभरात त्वचेवरून, लाइनच्या बाहेरच्या बाजूने. त्यानंतर हबमधून (लाइनचं बाहेरचं, सिरिंज-सलाईन जोडायचं तोंड), आतल्या बाजूने. दूषित सलाईन ही तिसरी वाट, कमी वेळा पण एकदम अनेकांना लागणारी. नळीवर जंतू चिकट थर धरतात, त्यात औषध पोचत नाही, म्हणून बऱ्याच वेळा लाइन काढण्यावाचून इलाज नसतो. लाइन घालण्याच्या वेळी सगळे जागरूक असतात, शिस्त पाळतात. नंतरचे दहा दिवस कोणाचंच लक्ष नसतं, आणि लहान रुग्णालयांत माझ्या मते पहिला पैसा तिथे घालावा.

घालताना: टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे, रुग्णाचं डोक्यापासून पायापर्यंत झाकण. मधे भोक असलेला छोटा कापडी टॉवेल पुरत नाही, कारण गाईडवायर (लाइन जिच्यावरून आत सरकवतात ती तार) लांब असते आणि ती उघड्या चादरीला लागते. त्वचेला अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन, ३० सेकंद मागे-पुढे घासून, आणि मग ते पूर्ण वाळू द्यायचं. पुसायचं नाही. वाळण्याआधी सुई घातली तर औषधाने काम केलेलंच नसतं, आणि घाईत नेमकं हेच होतं. दोन महिन्यांखालच्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्वचा भाजू शकते, तिथे बालरोगतज्ज्ञांच्या ठरवलेल्या पद्धतीनेच. मोठ्यांत मांडीतली लाइन शक्यतो टाळा. डायलिसिसच्या रुग्णात गळ्याजवळच्या हाडाखालची (सबक्लेव्हियन) शीर टाळा, ती अरुंद झाली तर त्या हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली शिरांची जोडणी) कायमचा जातो. सगळं साहित्य एका ट्रॉलीवर किंवा एका डब्यात असू द्या. क्लोरहेक्सिडिन कपाटात आणि शीट ऑपरेशन थिएटरमध्ये असेल तर रात्री दोन वाजता कोणी आणायला जात नाही. आणि यादी हातात धरलेल्या सिस्टरला 'थांबा' म्हणायचा अधिकार लेखी द्या.

निगा: हबला जोडण्याआधी दर वेळी ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने निदान १० ते १५ सेकंद घासा आणि वाळू द्या. थ्री-वेची (तीन तोंडांच्या जोडणीची) उघडी तोंडं बंद ठेवा. पडलेलं झाकण परत लावू नका, नवं लावा. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी, गॉजचं २ दिवसांनी, आणि सैल, ओलं किंवा मळकं झालं तर तत्काळ. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ च्या वर जातो, एसी बंद पडला की घामाने ड्रेसिंगची कड सुटते. मग वरून मायक्रोपोरची चिकटपट्टी लावतात. असं करू नका, त्याखाली घाम आणि जंतू दोन्ही कोंडतात. खूप घाम येणाऱ्या रुग्णाला गॉजचं ड्रेसिंगच बरं. सलाईनचे सेट ९६ तासांच्या आत बदलायची गरज नाही, ७ दिवसांपलीकडे ठेवू नका. रक्त किंवा लिपिड गेलं असेल तर २४ तासांत बदला, प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाचा सेट ६ ते १२ तासांत. उगाच रोज सेट बदलणं म्हणजे हब रोज एकदा जास्त उघडणं.

फ्लशच्या, म्हणजे लाइन धुवायच्या सलाईनच्या, बाटलीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण साथ आली की तिचं मूळ बऱ्याचदा इथे निघतं. १०० किंवा ५०० मिलीची बाटली टेबलावर ठेवतात, बुचात सुई खोचून ठेवतात आणि पाळीभर त्यातूनच सगळ्यांचं फ्लश भरतात. एका वापरलेल्या सिरिंजचं टोक त्या सुईला लागलं की बाटली गेली. क्लेबसिएला, एंटरोबॅक्टर, सेराटिया ग्लुकोजच्या सलाईनमध्ये खोलीच्या तापमानाला वाढतात, आणि इथे खोलीचं तापमान उन्हाळ्यात काय असतं ते सांगायला नको. साध्या सलाईनमध्ये आणि पातळ केलेल्या जंतुनाशकातही बर्कहोल्डेरिया, स्यूडोमोनास तग धरतात. उपाय स्वस्त आहे: १० मिलीची एकदाच वापरायची अँप्युल, एका रुग्णाला एक, उरलेली फेकून. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) बहुडोस बाटलीवर उघडल्याची तारीख आणि शक्य तर एका रुग्णाचं नाव. कडक प्लास्टिकच्या बाटलीत हवेसाठी सुई खुपसण्यापेक्षा आकसणारी पिशवी वापरा. आठवड्यात दोन रुग्णांच्या रक्तात एकच अनोळखी जंतू आला तर त्याला योगायोग समजू नका. त्या दिवशी उघडलेल्या सगळ्या बाटल्या, हेपरिन, जंतुनाशक बाजूला काढा, बॅच क्रमांक लिहा, कल्चरला पाठवा आणि नवा साठा वापरा.

हातांचं सांगायचं तर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, टँकर आणि टाकीवर भागवावं लागतं. म्हणून बेसिनवर भिस्त ठेवू नका. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी अल्कोहोल रब, एका वेळी साधारण ३ मिली, २० ते ३० सेकंद, कोरडे होईपर्यंत. हात दिसायला मळले असतील किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर मात्र साबण-पाणीच. रब घरी बनवायचा झाला तर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण १० लिटरला असं: ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, उरलेलं उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी. बाटल्या भरून ७२ तास ठेवा म्हणजे बाटलीतले बीजाणू मरतात. स्पिरिटचा परवाना लागतो, साठा ज्वालाग्राही असतो, आणि मिथेनॉल मिसळलेलं औद्योगिक स्पिरिट चुकूनही नको. रब खरोखर वापरला जातो का हे बघायला खप मोजा: १,००० रुग्ण-दिवसांमागे निदान २० लिटर. ५ लिटरच भरत असेल तर भिंतीवरच्या तक्त्यावर कितीही खुणा असोत, हात स्वच्छ होत नाहीत. नातेवाइकांसाठीची पाटी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही लावा. या शहरात त्याशिवाय ती अर्ध्या लोकांपर्यंत पोचत नाही.

आणि रोज सकाळच्या राउंडला एकच प्रश्न, मोठ्याने: ही लाइन आज कशासाठी आहे? 'रक्त काढायला सोपं पडतं' हे उत्तर पुरेसं नाही. दाब वाढवणारं औषध बंद झालं, तोंडाने जेवण सुरू झालं, हातात चांगली शीर आहे, तर काढा. कोणतंही साहित्य न विकत घेता संसर्ग कमी करणारी ही गोष्ट आहे. वॉर्डातल्या साध्या हाताच्या सुयांनाही हाच नियम. त्यांचा प्रत्येकी धोका कमी, पण त्या संख्येने इतक्या असतात की ऑरियसचे अनेक संसर्ग तिथूनच येतात आणि सेंट्रल लाइनच्या मोजणीत दिसत नाहीत.

मनुष्यबळाचं एक वाक्य: रात्री एका सिस्टरकडे चार व्हेंटिलेटरचे रुग्ण असतील तर वरचं काहीही घडणार नाही, आणि दोष तिला देऊ नये.

'आमच्याकडे संसर्ग शून्य आहे' असं सांगणारं रुग्णालय दिसलं की आधी विचारा, कल्चर किती पाठवले? अँटिबायोटिक सुरू झाल्यावर, एकाच बाटलीत, ३ मिली रक्त पाठवलं तर जंतू सापडणारच नाहीत. मोठ्या माणसात दोन वेगळ्या जागांवरून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. पैशांची अडचण असेल तरी दोन बाटल्यांखाली जाऊ नका. बाटलीचं रबरी बूच अल्कोहोलने पुसा. लाइनवर शंका असेल तर एक बाटली लाइनमधून, एक हातातून, सारखंच रक्त, एकाच वेळी. लाइनची बाटली दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह आली तर दोषी लाइन. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका आणि मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीतूनही पाठवू नका. दूषित नमुन्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत हवं. त्यावर गेलं तर रक्त काढणाऱ्यांना पुन्हा शिकवा, कारण प्रत्येक खोट्या पॉझिटिव्हमागे कोणाला तरी व्हँकोमायसिनचा कोर्स लागतो.

उपचाराचे दिवसही खर्च ठरवतात. ऑरियस किंवा कँडिडा ही बुरशी आली की लाइन काढायची. दोन्हींत पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून निदान १४ दिवस, ऑरियसमध्ये एको केल्याशिवाय थांबायचं नाही, कँडिडात डोळ्यांची तपासणी. मात्र गुंतागुंत नसलेल्या, मूळ जागा साफ केलेल्या ग्रॅम-निगेटिव्ह (क्लेबसिएलासारख्या जंतूंच्या) संसर्गात ७ दिवस पुरतात. सवयीने १४ दिवस देणं हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे आणि प्रतिरोध वाढवणाराही.

मोजणी साधी ठेवा. रात्री १२ वाजता ठरलेली एक सिस्टर आयसीयूत किती रुग्णांना सेंट्रल लाइन आहे ते वहीत लिहील. एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी एकच. महिन्याला तुमचे १२० लाइन-दिवस होतील. एक संसर्ग झाला तर दर ८.३, न झाला तर शून्य. म्हणून महिन्याच्या दरावर कोणाला रागावू नका, कोणाची पाठही थोपटू नका. तिमाही बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे मागच्या संसर्गाला किती दिवस झाले हा आकडा फळ्यावर लावा. प्रत्येक संसर्गानंतर आठवड्याच्या आत, लाइन कोणी, कुठे, कधी घातली, ड्रेसिंग कधी बदललं, ती किती दिवस आणि कोणत्या कारणासाठी ठेवली, हे अर्ध्या तासात बसून लिहा. बिलिंगच्या माणसाला त्या बैठकीत बसवा, म्हणजे खर्चाचा रकाना त्याच दिवशी भरला जाईल.

नातेवाइकांना संसर्ग झाल्याचं सरळ सांगा, तो इथे दाखल झाल्यावर झाला हेही. लपवलेलं पुढच्या रुग्णालयात कळतंच, आणि मग भांडण दुप्पट होतं. डिस्चार्ज कार्डावर 'सेप्सिस' एवढं लिहून पाठवू नका. जंतूचं नाव, कोणती औषधं चालली आणि कोणती नाही, लाइन काढल्याची तारीख, पहिलं निगेटिव्ह कल्चर कधी, औषधाचा शेवटचा दिवस कोणता, क्रिएटिनिन शेवटी किती होतं, आणि ताप किंवा पाठदुखी आली तर कोणाकडे कधी जायचं, हे सगळं मराठीत लिहून हातात द्या.